जुन्या संगणकाला नवे बळ

दिल्लीच्या दक्षिण भागात, कालकाजीच्या देवळापासून फार दूर नसलेल्या नेहरू प्लेसच्या फरसबंद चौकात दुपारी घटकाभर उभे राहिले, म्हणजे आजच्या मध्यमवर्गीय तरुणाची एक नवी हौस डोळ्यांसमोरून जाताना दिसते. दिल्ली विकास प्राधिकरणाने १९७० च्या दशकात कचेऱ्यांसाठी वसवलेले हे संकुल पुढे संगणकांच्या व्यापाराचे मोठे केंद्र झाले. २०१० मध्ये तेथे मेट्रोचे स्थानक आले आणि राजधानीच्या चहूकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांची सोय झाली. तळमजल्यावरच्या व तळघरांतल्या दुकानांतून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, मॉनिटर यांची खोकी छतापर्यंत रचलेली असतात आणि त्यांच्यापुढे एखादा विद्यार्थी हातात चिठ्ठी घेऊन उभा असतो. चिठ्ठीवर बहुधा एकाच वस्तूचे नाव असते: एखाद्या ग्राफिक्स कार्डाचे. मित्राकडे ते कार्ड बसवल्यावर खेळ कसा झरझर चालू लागला, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. तेच कार्ड आपल्याकडे बसवले की आपलेही काम झाले, अशी त्याची समजूत असते.

या चिठ्ठीवर एक गोष्ट मात्र लिहिलेली नसते, आणि ती म्हणजे घरी असलेला संगणक कोणता आहे. वस्तुतः खरेदी शहाणपणाची ठरणार की नाही, हे दुकानातल्या खोक्यावर फारसे अवलंबून नसते. ते घरच्या यंत्रावर अवलंबून असते. मित्राच्या यंत्रात जे कार्ड शोभले, ते दुसऱ्याच्या यंत्रात नाकापेक्षा मोती जड होण्याचा संभव असतो. संगणकाची सुधारणा म्हणजे सर्वांत बलवान भाग विकत आणणे नव्हे, तर सर्वांत दुबळा भाग शोधून काढणे होय. एवढे एक सूत्र ध्यानात राहिले, तर पुष्कळ पैसा वाचतो.

पहाडगंजात भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची कल्पना करावी. वडील नोकरदार, मुलगा महाविद्यालयात शिकणारा. २०१९ मध्ये त्यांनी सुटे भाग जुळवून एक संगणक घेतला. एएमडी कंपनीचा सहा गाभ्यांचा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, बी४५० जातीचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅमपट्टी, एक टेराबाइटची हार्ड डिस्क, एनव्हिडिया कंपनीचे ४ जीबी स्मृतीचे जीटीएक्स १६५० हे कार्ड, ४५० वॅट असे लिहिलेला कोणत्याशा अपरिचित छापाचा पॉवर सप्लाय आणि सेकंदाला ६० वेळा चित्र पालटणारा साधा मॉनिटर, असा त्याचा थाट आहे. त्या वेळी जे खेळ सुरळीत चालत, त्यांच्या नव्या आवृत्त्या आता अडखळत चालतात. मुलगा म्हणतो, “बाबा, आता नवा संगणकच घ्यायला हवा.” वडील विचारतात, “जुन्यात नेमके काय कमी पडते, ते आधी सांग.” मुलाला उत्तर देता येत नाही.

वडिलांचा प्रश्न कंजूषपणाचा नाही. या यंत्रावर मुलाचा अभ्यास चालतो, धाकट्या बहिणीची ऑनलाइन शिकवणी होते आणि घराचे हिशेबही त्यावरच होतात. खेळ ही गोष्ट तुच्छ लेखण्याचेही आता कारण उरलेले नाही. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, आणि २०२३ च्या हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्याची पदकेही दिली गेली. तरीही महिन्याच्या पगारातून बाजूला काढलेली रक्कम एकदाच खर्च करता येते. ती चुकीच्या भागावर गेली, तर यंत्र जसेच्या तसे राहते आणि घरातला विश्वास मात्र कमी होतो.

दुबळा भाग शोधावयाचा, तर यंत्रात काम कसे चालते याची ढोबळ कल्पना हवी. त्यासाठी लग्नाच्या पंगतीचा दाखला पुरेसा आहे. हार्ड डिस्क किंवा एसएसडी हे कोठीघर. तेथे सर्व शिधा साठवलेला असतो, पण तो तेथेच शिजत नाही. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा; कोठीतून काढलेले सामान त्यावर मांडले म्हणजे ते हाताशी येते. प्रोसेसर हे मोजके, पण अतिशय निष्णात आचारी. कोणता पदार्थ केव्हा, किती, कसा, हे तेच ठरवतात. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकाच वेळी पोळ्या लाटणारे शेकडो हात. प्रत्येक हाताचे काम साधे, पण हात पुष्कळ. उदाहरणातल्या प्रोसेसरात आचारी सहा आहेत, तर जीटीएक्स १६५० मध्ये असे हात ८९६ आहेत. पॉवर सप्लाय हे या साऱ्या चुलींचे सरपण, आणि मॉनिटर हे जेवणाऱ्यांपुढचे पान.

खेळ चालू असताना ही पंगत सेकंदाला ६० वेळा वाढावी लागते. म्हणजे प्रत्येक चित्र तयार करण्यास सुमारे १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो, आणि १९२० × १०८० अशा पडद्यावरील एका चित्रात २०,७३,६०० बिंदू रंगवावयाचे असतात. शत्रू कोठे आहे, गोळी कोठे लागली, भिंत कोसळली तर तिचे तुकडे कोठे पडतील, हे आचारी ठरवतात. बिंदू रंगवण्याचे काम ते शेकडो हात करतात. आचाऱ्याने कणीकच वेळेवर मळून दिली नाही, तर लाटणारे हात नऊशेवरून दोन हजार केले तरी ते रिकामेच बसणार. उलट लाटणारेच कमी असतील, तर आचारी बदलून पंगत लवकर उठणार नाही.

म्हणून घोडे कुठे पेंड खाते, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही. खेळातील एखादा ठराविक प्रसंग निवडून सेकंदाला किती चित्रे मिळतात, ते टिपून ठेवावे. नंतर खेळाच्या मांडणीत चित्राचा आकार १९२० × १०८० वरून १२८० × ७२० असा कमी करावा. आता रंगवावयाचे बिंदू ९,२१,६०० उरतात, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा भार निम्म्याहून कमी होतो. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहते. चित्रांची संख्या भरघोस वाढली, तर अडचण ग्राफिक्स कार्डात होती असे समजावे. ती तेथल्या तेथेच राहिली, तर अडचण प्रोसेसरात किंवा रॅममध्ये आहे. ही कसोटी प्रत्येक खेळागणिक वेगळे उत्तर देऊ शकते. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट यांसारखे चपळाईचे खेळ साधारणपणे प्रोसेसरला दमवतात. सायबरपंक २०७७ सारखे दृश्यवैभवाचे खेळ ग्राफिक्स कार्डाला दमवतात. म्हणून घरात कोणता खेळ खेळला जातो, याचे उत्तर खरेदीच्या यादीच्या अगोदर लिहिले पाहिजे.

या तपासणीत पुष्कळदा असे आढळते, की यंत्रातील काही बळ वापराविना पडून आहे. ३२०० गतीची म्हणून विकत घेतलेली रॅम मदरबोर्डाच्या मांडणीत योग्य तो पर्याय चालू न केल्याने वर्षानुवर्षे २१३३ किंवा २४०० गतीनेच चालत राहते. १४४ वेळा चित्र पालटू शकणारा मॉनिटर विंडोजच्या मांडणीत ६० वरच अडकलेला असतो. कधी तर मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्डात न लावता मदरबोर्डाच्या छिद्रात लावलेली असते. या दुरुस्त्यांना खर्च नाही. फक्त अर्धा तास लागतो.

यांच्याच जोडीला येते स्वच्छता. दिल्लीत धुळीला तोटा नाही, आणि मे-जून महिन्यांत बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पंखा कितीही चांगला असला, तरी तो प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली, की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच अधिक तापतो. हिवाळ्यात ६५ अंशांवर चालणारे यंत्र उन्हाळ्यात ८० अंशांवर जाते, आणि पंख्याच्या पात्यांत धुळीचा थर बसलेला असला, तर मग दुष्काळात तेराव्या महिन्याची गत होते. मर्यादेपलीकडे तापू लागलेली चिप स्वतःच्या रक्षणासाठी आपली गती आपोआप कमी करते. खेळणाऱ्याला वाटते, यंत्र जुने झाले. प्रत्यक्षात त्याचा श्वास कोंडलेला असतो. यंत्र बंद करून, तार काढून, पंख्याचे पाते बोटाने अडवून धरून धूळ उडवावी. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळून गेली असेल, तर ती बदलावी. ही सुधारणा एखाद्या जेवणाच्या खर्चात होते.

एवढे करूनही उणीव राहिली, म्हणजे मग पैशाची गोष्ट. पहाडगंजातील त्या यंत्रात पहिली उणीव उघड आहे: ओटा लहान आहे आणि कोठीघर दूर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या स्टारफिल्ड या खेळाने किमान आवश्यकता म्हणूनच १६ जीबी रॅम मागितली आणि हार्ड डिस्क चालणार नाही, एसएसडीच हवी, असे सांगितले. ८ जीबीच्या एका पट्टीशेजारी तशीच दुसरी पट्टी बसवली, तर दोन लाभ एकदम होतात. ओटा दुप्पट होतो, आणि प्रोसेसरला रॅमकडे जाण्यासाठी ६४ बिटांच्या एका वाटेऐवजी दोन वाटा मिळतात. मात्र दुसरी पट्टी पहिलीच्याच पिढीची, म्हणजे डीडीआर४, असली पाहिजे. ती मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेतच बसवली पाहिजे. आणि दोन पट्ट्यांच्या गती भिन्न असतील, तर दोन्ही हळू चालणारीच्या गतीने चालणार, हे विसरता कामा नये.

कोठीघराचेही तसेच. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदात १२० वेळा फिरते. हवी ती माहिती सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ जातो. शिवाय सुई जागेवर सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने तेच काम एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. एसएसडीने चित्रांची सरासरी संख्या फारशी वाढत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण यंत्र सुरू होण्यास लागणारी मिनिटे सेकंदांवर येतात, नवा प्रदेश उघडताना बसणारे हिसके कमी होतात, आणि अभ्यास, शिकवणी, हिशेब या साऱ्यांनाच गती येते. घरातील प्रत्येकाला जाणवणारी सुधारणा कोणती, असे विचारले, तर ती हीच. जुनी हार्ड डिस्क काढून टाकण्याचे कारण नाही. छायाचित्रे व जुनी कागदपत्रे ठेवण्यास ती उत्तम आहे.

दुसरी पायरी सर्वांत कमी आकर्षक आणि म्हणूनच सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. ती म्हणजे विजेची व्यवस्था. अपरिचित छापाच्या पॉवर सप्लायवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ज्या १२ व्होल्टच्या धारेवर चालतात, तिचा आकडा बाजूच्या तक्त्यात बारीक अक्षरांत असतो. तेथे १६ अँपिअर लिहिलेले असेल, तर १२ ला १६ ने गुणून येणारे १९२ वॅट हेच त्याचे कामाचे बळ. तेथे ३२ अँपिअर असतील, तर ते ३८४ वॅट होते. शाळेतला हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो, आणि ज्या गिऱ्हाइकाने तो केला, त्याची फसगत होणे अवघड असते. जीटीएक्स १६५० हे कार्ड ७५ वॅटमध्ये भागवते आणि मदरबोर्डाची खाच तेवढी वीज देऊ शकते, म्हणून आजवर हा पॉवर सप्लाय निभावून गेला. त्याहून मोठे कार्ड बसवावयाचे, तर आधी तो बदलावा लागेल. हलका पॉवर सप्लाय जळतो, तेव्हा तो एकटाच जळेल याची हमी नसते.

यूपीएसचा विचारही येथेच करावा. नोएडा, गाझियाबाद किंवा गुरुग्राम येथील सोसायट्यांत वीज गेली, की जनित्र सुरू होते. पण मधल्या काही सेकंदांत संगणक बंद पडतो. ६०० व्हीए असे लिहिलेला घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो, आणि तोही काही मिनिटे. ती मिनिटे खेळ पुरा करण्यासाठी नसून काम साठवून यंत्र नीट बंद करण्यासाठी असतात. पुढे येणाऱ्या एका नाजूक कामासाठीही त्याची गरज लागणार आहे.

आता कोठे ग्राफिक्स कार्डाची पाळी येते. उदाहरणातल्या यंत्राला ८ जीबी स्मृतीचे मध्यम कार्ड पुरेसे आहे. ४ जीबीचे कार्ड नव्या खेळांत का अडखळते, याचे कारण असे, की चित्रांचे सामान कार्डाच्या स्मृतीत मावले नाही, म्हणजे ते रॅममधून वारंवार आणावे लागते, आणि ती वाट लांबची आहे. एएमडीचे २०२१ मध्ये आलेले आरएक्स ६६०० हे कार्ड नमुन्यादाखल घेता येईल. ते १३२ वॅट घेते आणि कंपनीने त्यासाठी किमान ४५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवलेला आहे. त्याच काळातील १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅट घेते आणि त्यासाठी ५५० वॅटची शिफारस आहे. नवी कार्डे येत राहतील, नावे बदलतील. पण स्मृती किती, वीज किती आणि पॉवर सप्लाय कोणता, हे तीन प्रश्न बदलणार नाहीत.

चौथा एक प्रश्न मात्र जुन्या यंत्राच्या मालकाने अगत्याने विचारावा: कार्ड मदरबोर्डाशी किती पदरी रस्त्याने बोलते? जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड केवळ चार पदरांचे होते. नव्या, चौथ्या पिढीच्या पीसीआयई मदरबोर्डावर ते बरे चाले. पण तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर प्रत्येक पदराची वाहतूक निम्मी असल्याने त्याची गती लक्षणीय घटत असे. बी४५० हा मदरबोर्ड तिसऱ्याच पिढीचा आहे. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा कमी आणि यंत्र जुने, नेमक्या त्याच गिऱ्हाइकाला हे स्वस्त कार्ड महाग पडावयाचे. आखूडशिंगी, बहुदुधी गाय शोधताना तिला आपल्या गोठ्याचे दार पुरेल की नाही, हेही पाहावे लागते.

कार्डाबरोबर मॉनिटरचाही विचार करावा. सेकंदाला ६० वेळा पालटणाऱ्या पडद्यावर यंत्राने १२० चित्रे तयार केली, तरी त्यांतील साठच पूर्णपणे दिसतात. ज्याला हा पडदा बदलावयाचा नाही, त्याने १२० चित्रांसाठी पैसे मोजू नयेत. आणि ज्याला २५६० × १४४० चा मोठा पडदा हवा आहे, त्याने ध्यानात ठेवावे, की तेथे रंगवावयाचे बिंदू ३६,८६,४०० होतात, म्हणजे पावणेदोन पटींहून अधिक. पडद्याची हौस अशा रीतीने पुन्हा कार्डाच्या आणि विजेच्या खर्चात उतरते.

शेवटची पायरी प्रोसेसरची. येथे पहाडगंजातील त्या कुटुंबाचे नशीब चांगले आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली एएमडीची एएम४ ही बैठक कंपनीने पुष्कळ वर्षे चालू ठेवली. त्यामुळे २०१९ च्या बी४५० मदरबोर्डावर २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर बसू शकतो. आचारी सहाच राहतात, विजेची ठरलेली मर्यादाही ६५ वॅटच राहते. पण प्रत्येक आचाऱ्याचा हात बराच जलद होतो. इंटेलच्या यंत्रांत इतकी सवलत बहुधा मिळालेली नाही. २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी बैठकीचे नाव तेच राहिले, तरी सहाव्या-सातव्या पिढीचे मदरबोर्ड त्यांना चालले नाहीत. म्हणून नुसते बैठकीचे नाव जुळले एवढ्यावर भागत नाही. मदरबोर्ड तयार करणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या यादीत त्या प्रोसेसराचे नाव आहे की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

मदरबोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून त्याचे बायोस अद्ययावत करावे लागते, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे लागते. एरवी नवा प्रोसेसर बसवल्यावर पडदा काळाच राहतो. हे काम चालू असताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. यूपीएस आधी घ्यावा असे जे वर म्हटले, त्याचे हे कारण. काही मदरबोर्डांत नवे बायोस चढवल्यावर जुन्या प्रोसेसरांचा आधार निघून जातो, म्हणून परतीची वाट आहे की नाही, तेही आधी वाचून घ्यावे.

यापुढे मात्र थांबावयाचे. २०२२ च्या सप्टेंबरात एएमडीची एएम५ ही नवी बैठक आली, आणि तिला केवळ डीडीआर५ रॅम चालते. त्या वाटेने जावयाचे, तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम ही तिन्ही एकदम बदलावी लागतात. ती सुधारणा नसून नवे यंत्रच होय. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांची मागणी वाढून रॅमच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या, तेव्हा जुन्या पट्टीला जपून ठेवणाऱ्यांना आपल्या संयमाचे मोल कळले. उलट काही वेळा बदल टाळता येत नाही. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. रायझन ५ २६०० त्या यादीत आहे. त्याच्या अगोदरच्या पिढीचा रायझन ५ १६०० नाही. ज्याच्यापाशी असा जुना प्रोसेसर आहे, त्याने पाच पायऱ्यांचा क्रम उलटा करून प्रोसेसर आधी बदलला, तर ते योग्यच ठरेल.

काटकसरीच्या वाटेवर जुन्या मालाचा मोह हटकून होतो. तो सर्वस्वी वाईट नाही. पण ताकही फुंकून पिण्याची जागा ती आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्याच्या निर्मितीसाठी रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवलेली बनावट कार्डेही जगभर आढळली आहेत. म्हणून जुने कार्ड घेताना ते यंत्रात बसवून वीस मिनिटे पूर्ण भाराने चालवून पाहावे, पंख्यांचा आवाज ऐकावा, तापमान पाहावे, आणि चिपची खरी ओळख सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिचे नाव तपासावे. जीटीएक्स १०६० सारखी २०१६ च्या पिढीची कार्डे स्वस्त मिळतात; पण नव्या खेळांसाठी त्या पिढीला मिळणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले आहेत आणि पुढे केवळ सुरक्षेची दुरुस्ती मिळणार आहे, हे ठाऊक असावे. नव्या मालाच्या बाबतीत जीएसटीचे बिल, त्यावर लिहिलेला वस्तूचा अनुक्रमांक आणि भारतातील हमी, या तिन्हींचा आग्रह धरावा. बिलाविना मिळणारी सवलत ही पुष्कळदा हमीचीच किंमत असते.

राहता राहिला काढून टाकलेल्या भागांचा प्रश्न. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर येथे देशातील टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा फार मोठा साठा येऊन पडतो. तेथे कित्येक हात हातमोज्यांवाचून तारा जाळून तांबे काढतात आणि आम्लात पट्ट्या बुडवून धातू वेगळे करतात. त्या धुराची किंमत बिलात कोठेही लिहिलेली नसते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. पण त्याहूनही चांगली गोष्ट म्हणजे भाग टाकण्याची पाळीच उशिरा आणणे. जुने जीटीएक्स १६५० धाकट्या बहिणीच्या यंत्रात अजून चार वर्षे आनंदाने काम करील.

तेव्हा त्या पहाडगंजातील मुलाची चिठ्ठी आता निराळी लिहिली जाते. तिच्यात आरंभी घरच्या यंत्राचे सारे भाग नोंदवलेले आहेत आणि कसोटीत मिळालेले आकडे आहेत. त्याखाली क्रम आहे: आधी स्वच्छता आणि विनाखर्चाच्या दुरुस्त्या, मग रॅमची दुसरी पट्टी आणि एसएसडी, मग चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस, मग कार्ड, आणि गरज उरलीच तर प्रोसेसर. प्रत्येक पायरीनंतर तीच कसोटी पुन्हा घ्यावयाची आणि समाधान झाले, की तेथेच थांबावयाचे, अशी शेवटची ओळ आहे. सारे एकाच महिन्यात करावयाचे नाही. वर्ष-दोन वर्षांत, हाती पैसा येईल तसतसे करावयाचे.

रामकृष्ण आश्रम मार्ग स्थानकावर मेट्रोत बसून, मंडी हाउसला गाडी बदलून तो नेहरू प्लेसला उतरतो, तेव्हा वडीलही त्याच्याबरोबर आहेत. दुकानदार नेहमीप्रमाणे सर्वांत मोठे खोके पुढे सरकवतो. मुलगा चिठ्ठी पाहतो आणि ८ जीबीची एक पट्टी व एक एसएसडी एवढेच मागतो. “जुन्यात नेमके काय कमी पडते?” या प्रश्नाचे उत्तर त्याला आता देता येते, आणि म्हणून वडिलांनी पैसे काढताना पुन्हा काही विचारलेले नाही.